गाडीचं नाक

"ज्वारीच्या पोत्यात तोंड घातल्यासारखं होतंय गं," असं म्हणून वन्संनी गाडीचं दार उघडलं, पाय बाहेर टाकले आणि पदर नाकाला लावून खोकत बसल्या. मी एसी बंद केला, मग इंजिन बंद केलं. वैजापूरला जाण्याची रंगीत तालीम म्हणून आम्ही गाडीत बसलो होतो आणि अजून फाटकाच्या आतच होतो.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. वयानं माझ्याहूनही लहान. पण लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायला लागले आणि त्या मला अगं-तुगं. ते आजतागायत तसंच आहे. त्यांना वैजापूरला दिलं. तिथल्या बाजारपेठेत आयुष्य गेल्यामुळे त्यांचं बोलणं पुरतं तिकडचं झालं. गेल्या भाद्रपदात हे गेले, तेव्हापासून त्या अधूनमधून येतात आणि आठवडाभर राहतात. रडायला म्हणून येत नाहीत. येतात, माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी बदलतात, देवापुढं कापूस घेऊन बसतात, मला पुरून उरतील एवढ्या वाती करून ठेवतात आणि एसटीनं परत जातात. या खेपेला मात्र त्यांनी आल्या आल्याच जाहीर केलं होतं, "शुक्रवारी मी एसटीनं जाणार नाय. तू सोडायचं मला. गाडीनं."

त्याला कारण होतं. माझी मुलगी पुण्याला असते. तिला गाडीची काळजी. उभी गाडी खराब होते, बॅटरी उतरते, टायर बसतात, असं ती मला दर आठवड्याला सांगत होती आणि ते खरंच होतं. मी रोज सकाळी गाडी चालू करायची, थोडा वेळ तशीच ठेवायची आणि बंद करायची. शेवटी ती म्हणाली, "आई, तू चालवणार असशील तर ठेव. नुसती अंगणात उभी करून तिच्याकडे बघत बसणार असशील तर नको. माझ्या ओळखीत एक जण घेणारा आहे. रविवारी त्याला घेऊन येते." मी बरं म्हटलं. मला नाही म्हणायला पटकन जमत नाही. फोन ठेवल्यावर अंगणात जाऊन उभी राहिले, तेव्हा कळलं की मला गाडी द्यायची नाही. पण ते सांगायला हातात काही नव्हतं. मी गाडी शिकले होते, परवाना होता. पण ती चालवली ती कायम हे शेजारी बसलेले असताना. एकटीनं कधीच नाही.

वन्संनी हे सगळं माझ्याकडून काढून घेतलं आणि त्यांचा त्यांनी निकाल लावून टाकला. शुक्रवारी वैजापूर. रविवारच्या आत.

आणि आता त्या खोकत होत्या. त्यांना दमा आहे. मे महिन्यात काचा उघड्या ठेवून त्या रस्त्यानं जाणं त्यांना झेपणारं नव्हतं. एसी लावला तर पोत्याचा वास आणि खोकला. म्हणजे शुक्रवारच्या आत गाडीतली हवा नीट झाली नाही, तर वन्सं एसटीनं जाणार आणि गाडी त्या पुण्याच्या माणसाबरोबर.

ही गाडी आम्ही घेतली ती दुष्काळाच्या वर्षांत. घरात पाणी टँकरनं यायचं आणि ह्यांनी गाडी आणली. सगळे हसले. हे तेव्हा शेंद्र्याला एका कारखान्यात होते, रोजचं जाणं-येणं होतं. जाताना मला ग्रंथालयात सोडायचे. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात झाली, त्यामुळे धूळ मला नवी नव्हती. पण त्या वर्षांतली धूळ वेगळी होती. आमच्या घराभोवती तेव्हा नुसते प्लॉट होते, दगड रोवलेले आणि चुन्याच्या रेषा मारलेले. रस्ते खणून ठेवलेले, कुठं जलवाहिनीसाठी, कुठं रुंदीकरणासाठी. शेंद्र्याच्या बाजूला तर शेतंच्या शेतं एकदम सपाट झाली होती. पाऊस नाही, त्यामुळे ती माती खाली बसायचं नावच घ्यायची नाही. मी एकदा ह्यांना म्हटल्याचं आठवतं, "या गाडीत बसलं की माझा घसा धरतो." पुढं कधीतरी घसा धरायचा थांबला. मला वाटलं, सवय झाली.

गाडी धुवायला पाणी नसायचं. हे ओल्या फडक्यानं पुसायचे आणि ते फडकं अंगणातल्या कडुनिंबाच्या मुळाशी पिळायचे. फक्त खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, माझ्याकडे एक बादली मागून घ्यायचे. त्या दिवशी फाटक लावून, बनियनवर, एकटेच गाडीशी काहीतरी करत बसायचे. कुणी जवळ गेलेलं चालायचं नाही. "शस्त्रपूजेची तयारी चाललीय, बायकांचं काम नाही," म्हणायचे. गाडीशी असलेलं त्यांचं ते गुपित मला आवडायचं. मी पुस्तक घेऊन ओसरीत बसायची आणि गाडीखालून दिसणाऱ्या त्यांच्या पायांकडे अधूनमधून बघायची.

त्याच दुष्काळात माझी एक साडी हरवली. पांढऱ्यावर निळ्या चौकड्या, सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. उन्हाळ्यात ग्रंथालयात मी तीच नेसायची. वन्सं तेव्हा आठ दिवस राहायला आल्या होत्या आणि त्या साडीवर उघड उघड भाळल्या होत्या. पदर गालाला लावून बघायच्या. "वहिनी, ही मला दे." मी म्हटलं, "अजून एक उन्हाळा नेसू द्या, मग घ्या." त्या वैजापूरला गेल्या आणि पाठोपाठ गच्चीवरच्या दोरीवरून साडी गायब. माझी खात्री होती की वावटळीनं नेली. मोकळ्या प्लॉटमधून दुपारी अशा वावटळी उठायच्या की कुणाच्या चादरी कुणाच्या अंगणात सापडायच्या. पण हे म्हणाले, "वावटळ वैजापूरच्या दिशेनं गेली असणार."

तेवढं पुरलं. तेव्हापासून वन्सं दारात आल्या की ह्यांचा पहिला प्रश्न, "साडी आणलीस का परत?" भाऊबीजेला ओवाळणीत साडी घालताना, "घे. ही तरी चोरीची नाही." वन्सं चिडायच्या. एकदा तर त्यांनी आपली पिशवी बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर उलटी करून दाखवली. डबा, चष्मा, जपमाळ, पानाचा बटवा, सगळं जमिनीवर. "खंडोबाची शपथ घेऊन सांगते दादा, मी नाय नेली!" हे शांतपणे म्हणाले, "पिशवीत कशी असेल? ती तर तू घरी वापरतेस." एवढ्या वर्षांत ही चेष्टा जुनी झाली नाही. माणूस मात्र गेला. या वर्षी दारात तो प्रश्न विचारायला कुणी नव्हतं, आणि पहिल्या खेपेला वन्सं उंबऱ्यात जरा थांबल्या होत्या, ते मी पाहिलं होतं.

तर खोकला थांबल्यावर मी मुलीला फोन केला.

"केबिन फिल्टर बदलावा लागेल," ती म्हणाली. "एसीची हवा त्यातून येते. गॅरेजला दे."

गॅरेजवाला म्हणाला, सोमवारनंतर. मी परत मुलीला सांगितलं.

"मग राहू दे ना आई. नाहीतरी रविवारी..."

"मी घरी बदलते," मी म्हटलं.

"तू?"

"का? मी पुस्तकांची बांधणी केलेली आहे हातानं."

"आई, ती गाडी आहे."

वन्संनी माझ्या हातातून फोन घेतला. "आणि आत्या आहे इथं! काय समजलीस? ठेव."

रिक्षानं जाऊन आम्ही सुट्या भागांच्या दुकानातून फिल्टर आणला. पुठ्ठ्याच्या खोक्यात पांढऱ्या घड्याघड्यांचा चौकोन, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कागदासारखा. त्याच्या कडेला एक बाण छापलेला, हवा कुठल्या दिशेनं जाते ते सांगणारा. दुकानदार म्हणाला, शेजारच्या सीटसमोरचा सामानाचा कप्पा खाली पाडा, मागं झाकण आहे, ते काढा, बाणाकडे लक्ष ठेवा, पाना लागत नाही.

मी आधी गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. वन्सं कडुनिंबाखाली खुर्ची टाकून, मांडीवर कापूस घेऊन बसल्या होत्या.

"पोथी कुठवर आली?"

"सीटबेल्ट झाला. आता दिवे."

"अगं, फिल्टरचा अध्याय काढ ना सरळ!"

काढला. त्यात एवढंच लिहिलं होतं की काही मॉडेलमध्ये फिल्टर बसवलेला असतो. 'काही' या शब्दाशी मी थांबायला हवं होतं, पण तशीच पुढं गेले.

सामानाचा कप्पा उघडला. त्यात ह्यांचा काळा कंगवा होता, एका दांडीचा गॉगल, टायरची हवा बघायचं यंत्र आणि बडीशेपेची पुडी. मी एकेक वस्तू काढून सीटवर ठेवली. कंगवा हातात जरा जास्त वेळ राहिला. वन्सं मागून आल्या, पुडी उघडून बडीशेप तोंडात टाकली. "मऊ पडली," म्हणाल्या, आणि तरी दुसरी चिमूट घेतली. मग आम्ही दोघींनी कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या. तो काही केल्या खाली येईना. मी सीटवर आडवी, डोकं खाली, एक पाय दाराबाहेर. वन्सं पलीकडच्या दारातून ओढतायत.

"दाब!"

"दाबतेय!"

"तू दाबत नाहीयेस, तू गोंजारायलीस त्याला!"

तेवढ्यात कप्पा खाडकन खाली आला आणि वन्सं मागच्या मागं अंगणात बसल्या. लागलं नाही. उठल्या आणि आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून.

कप्प्यामागं एक अरुंद झाकण दिसलं. त्याच्या दोन खुंट्या नखानं दाबल्या, झाकण निघालं. आत बोटं घातली. घड्याघड्यांचा कागद लागेल या बेतानं मी चाचपत होते. हाताला लागलं ते मऊ होतं. कापड होतं.

हळूहळू ओढून बाहेर काढलं. मातकट रंगाचा एक चौकोन, उशीसारखा जाड, कडेनं लांब लांब टाके घातलेला. वन्संनी तो वरूनच पाहिला.

"हा कसला गं फिल्टर? ही तर गोधडी आहे!"

मी तो जमिनीवर ठेवून एक चापट मारली. धुळीचा लोट उठला, त्यात कडुनिंबाची वाळलेली फुलं, बारीक काड्या, एक पंख. वन्सं पदर धरून लांब पळाल्या. लोट बसल्यावर मी कापड उलटं केलं. कडेचे टाके तपकिरी दोऱ्याचे होते, चांभारकामाच्या. चार कडांना आत काहीतरी ताठ होतं. एक टोक बाहेर आलं होतं, ते मी ओढलं तर छत्रीची काडी निघाली. चारही बाजूंना छत्रीच्या काड्यांची चौकट आणि तिच्यावर कापडाच्या घड्यांवर घड्या. पाऊस नसलेल्या वर्षांत आमच्या घरातल्या छत्रीचा दुसरा उपयोग तरी काय होता.

त्या वर्षांत आम्ही टँकरचं पाणी असंच गाळायचो. सुती कापडाच्या घड्या करून नळाच्या तोंडाला बांधायच्या, जितकं पाणी गढूळ तितक्या घड्या जास्त. गाडीला फिल्टरची नुसती जागा होती, फिल्टर कंपनीनं दिलेलाच नव्हता. ह्यांनी पाण्याचा नियम हवेला लावला होता.

मी एक घडी वर उचलली. आत धूळ पोचली नव्हती. पांढऱ्यावर निळ्या चौकड्या होत्या.

वन्सं कधी जवळ येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

"वहिनी."

"हं."

"ही तुझी साडी."

मी मान हलवली. वन्संनी गुडघे टेकले, चष्मा वर केला, कापड डोळ्यांजवळ नेलं. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान वर करून कडुनिंबाच्या दिशेनं जवळजवळ ओरडल्याच, "चोरटा! अरे चोरटा मेल्या! मी खंडोबाची शपथ घेतली, पिशवी उलटी केली आणि तू माझ्याच समोर बसून चहा पीत होतास!"

आणि त्या हसायला लागल्या. मीही. असं हसू मला गेल्या भाद्रपदापासून आलं नव्हतं. वन्संना हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता हसू. मी पाणी आणायला उठले आणि पायरीवरच बसले, कारण मला पिशवीतला तो डबा, जपमाळ, बटवा जमिनीवर पसरलेले दिसत होते आणि त्यांच्यापलीकडे ह्यांचा तो शांत चेहरा.

"आधी भीतीनं सांगितलं नसंल," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. "तुझी आवडती साडी फाडली म्हणून. मग मजा यायला लागली असंल. लई वर्षं मजा घेतली."

खंडेनवमीची ती बादली, ते लावलेलं फाटक, बायकांचं काम नाही म्हणून आम्हाला लांब ठेवणं, सगळं मला आता कळलं. दर वर्षी त्या दिवशी हे साडी धुऊन, कुठंतरी आडोशाला वाळवून, परत जागेवर ठेवत असणार. गेला दसरा ह्यांच्याशिवाय गेला. साडी धुवायची राहिली, म्हणून तो पोत्याचा वास. आणि माझा घसा सवयीनं बरा झाला नव्हता.

मला वाटलं होतं, असं काही सापडलं तर मी कोलमडून जाईन. तसं झालं नाही. भरपूर आनंद झाला. माणूस गेल्यावरही तो एखाद्या कामात रंगेहाथ सापडू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

पण काम अर्धंच झालं होतं. आता नवा कागदी फिल्टर बसवायचा तर बाण वर की खाली? पुस्तकात बाणाचा उल्लेखच नव्हता. मी विचार करत बसले. वन्संनी मात्र खुर्चीवर ठेवलेल्या कापसातून वातीएवढा पुंजका तोडला.

"पंखा लाव."

"कशाला?"

"लाव तर."

मी पंखा लावला. त्यांनी कापूस त्या रिकाम्या फटीच्या तोंडाशी धरला आणि सोडला. तो फुर्रकन खाली ओढला गेला. "बघ, हवा खाली जाते. बाण खाली." मी त्यांच्याकडे कौतुकानं बघतच होते, तेवढ्यात समोरच्या जाळीतून तोच कापूस, सोबत कडुनिंबाची फुलं आणि बरीचशी माती घेऊन, थेट आमच्या दोघींच्या तोंडावर आला. वन्संच्या भुवईवर कापसाची तार चिकटली. तशाच अवस्थेत त्या म्हणाल्या, "आता गाडी शिंकली. नाक मोकळं झालं."

बाण खाली ठेवून फिल्टर आत सरकवला, झाकण बसवलं, कप्पा वर ढकलला. कंगवा, गॉगल, हवेचं यंत्र परत आत ठेवलं. बडीशेप संपली होती. एसी लावला आणि काचा बंद करून दोघी बसलो. थंड हवा आली. कसलाच वास नव्हता. वन्संनी लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. खोकला आला नाही.

साडीचे टाके मी त्या संध्याकाळी उसवले. एक बादली पाणी मी त्या कापडावर खर्च केलं, मग ते पाणी कडुनिंबाला घातलं. वाळल्यावर घडी घातली. साडी कसली, चार-पाच मोठे तुकडे. पण मऊपणा तसाच होता. ती घडी मी वन्संच्या पिशवीशेजारी ठेवली आणि छत्रीच्या काड्याही दोऱ्यानं बांधून तिथंच ठेवल्या.

शुक्रवारी सकाळी निघालो. फाटकातून बाहेर काढताना मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. वन्सं शेजारी बसल्या होत्या आणि त्यांना गाडी चालवण्यातलं काही कळत नाही हा माझा मोठा आधार होता. जिथं पूर्वी चुन्याच्या रेषा होत्या तिथं आता दुकानं आणि सहा मजली इमारती आहेत, त्यामुळे पहिली काही वळणं मी ब्रेकवर पाय ठेवूनच घेतली. मागून हॉर्न वाजले की वन्सं काचेतून हात दाखवायच्या, "थांब की रे, घाई काय तुला!" काच बंद होती, त्यामुळे तो संवाद आमच्यापुरताच राहिला. शहर संपून मिटमिट्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला. मी तिसऱ्यातून चौथा गिअर टाकला, आणि हे शेजारी नसताना तो पडला.

वैजापूरला त्यांच्या दाराशी गाडी उभी केली. मी सामान उतरवत होते तोवर वन्सं त्या घड्या छातीशी धरून ओट्यावर चढल्या आणि आत हाक मारली, "अहो, बाहेर या! साडी आणली बघा! शेवटी आणलीच!" त्यांचे यजमान बाहेर आले, बायकोकडे बघितलं, कापडाकडे बघितलं आणि काही न विचारता चहा ठेवायला आत गेले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"आई, कुठं आहेस? घरचा फोन कुणी उचलत नाही."

"वैजापूरला."

"कुणाबरोबर गेलीस?"

"आत्याबरोबर. मी आणलं त्यांना."

ती म्हणाली, "मग त्या माणसाला काय सांगू?"

नाही म्हणायला मला पटकन जमत नाही, हे मी आधी सांगितलंच. त्या दिवशी जमलं.

"सांग, गाडी द्यायची नाही."

निघताना वन्सं खिडकीशी आल्या. हातात छत्रीच्या काड्यांची मोळी होती. ती त्यांनी शेजारच्या सीटवर, जिथं सकाळी त्या बसल्या होत्या आणि त्याआधी मी चालवताना हे बसायचे, तिथं टाकली.

"साडी मी नेली. आता खरंच नेली, सांग सगळ्यांना. काड्या तुझ्या. पाऊस पडला तर छत्री करून घे."

परतीच्या रस्त्याला मी एकटी होते. लासूर गेलं तरी मला वाटत होतं, आपण कुणाला तरी विचारायला हवं, ओव्हरटेक करू का, लाइट लावू का. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मी माझं मीच ठरवत गेले आणि बहुतेक सगळं बरोबर ठरलं. एसी चालू होता, घसा स्वच्छ होता. रस्त्याला खड्डा आला की शेजारच्या सीटवर काड्या वाजायच्या. मी वेग कमी करायची, त्या गप्प बसायच्या. असं आम्ही घरापर्यंत आलो.